आयरिश इतिहासातली चिल्लर

लिफीकाठी

डब्लिनला येऊन सहावं वर्ष चालू आहे. आल्या-आल्या उन्हाळ्यात फजिती झाली. पुण्याच्या टीमने मीटिंगचं आमंत्रण पाठवलं आणि वेळ लिहिली 'दुपारी ३, आयएसटी'. मी इथल्या तीनला लॅपटॉप उघडून, केसबिस विंचरून बसलो. पुण्यात तेव्हा साडेसात वाजले होते आणि लोक घरी जाऊन भाजी निवडत होते. आपल्या लेखी आयएसटी म्हणजे इंडियन स्टँडर्ड टाइम, इथे तीच तीन अक्षरं आयरिश स्टँडर्ड टाइमची. त्यातून इथल्या कायद्यात 'प्रमाण' वेळ म्हणजे उन्हाळ्यातली वेळ. बाकी युरोप उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतो. हे लोक कायद्याच्या भाषेत हिवाळ्यात तासभर मागे जातात. काटे सगळ्यांचे एकाच रात्री हलतात, फरक फक्त कागदावर.

त्या फजितीपासून वेळेच्या भानगडीत शिरलो तर कळलं की १९१६ पर्यंत डब्लिनची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या २५ मिनिटं २१ सेकंद मागे. ती डन्सिंकच्या वेधशाळेवरून ठरायची. लंडनच्या संसदेने ती मोडीत काढली आणि १ ऑक्टोबर १९१६ पासून आयर्लंड ग्रिनिचला जोडलं. त्याच रात्री उन्हाळी वेळही संपत होती, त्यामुळे ब्रिटनमध्ये घड्याळं एक तास मागे गेली आणि डब्लिनमध्ये फक्त ३५ मिनिटं. त्या एप्रिलमध्ये इथे उठाव होऊन गेला होता, मे महिन्यात त्याच्या पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या, आणि वर आता घड्याळही इंग्रजांचं. लोक चिडले यात नवल नाही.

उठावाचं निघालंच आहे तर बदकांची गोष्ट सांगतो. २४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. बंडखोरांनी शहराच्या मधोमध असलेली सेंट स्टीफन्स ग्रीन ही बाग ताब्यात घेऊन खंदक खणले. समोरच्या शेलबर्न हॉटेलातून ब्रिटिशांनी मशीनगन लावली. बागेच्या तळ्यात बदकं होती आणि बागेचा रखवालदार जेम्स कर्नी याला त्यांची काळजी. तर रोज ठरावीक वेळी दोन्ही बाजूंचा गोळीबार थांबायचा, हा गृहस्थ बाहेर यायचा, बदकांना खायला घालायचा आणि परत जायचा. मग पुन्हा सुरू.

त्याच उठावाचा जाहीरनामा लिबर्टी हॉलमधल्या एका जुनाट यंत्रावर चोरून छापला. छपाईच्या अक्षरांचे खिळे इतके कमी की मजकूर दोन तुकड्यांत जुळवून कागद दोनदा यंत्रात घालावा लागला. 'ई' संपले तेव्हा दुसऱ्याच वळणाचे खिळे घातले. उरलेल्या अस्सल प्रतींमध्ये ती विजोड अक्षरं आजही दिसतात.

आणि १८ जून १८७५ ची रात्र. लिबर्टीज भागात गोदामाला आग लागली, पिंपं फुटली आणि पेटती व्हिस्की रस्त्यातून ओढ्यासारखी वाहायला लागली. त्या रात्री १३ माणसं गेली. पण आगीत किंवा धुरात एकही नाही. तेराच्या तेरा जण रस्त्यावरची व्हिस्की टोप्यांत नि बुटांत भरून प्यायल्यामुळे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं आयर्लंड म्हणजे दुष्काळ, बॉयकॉट आणि काळी बिअर. हा धागा त्याच्या पलीकडच्या सुट्ट्या नाण्यांसाठी. तुमच्याकडे असतील ती टाका. अट एकच: सेंट पॅट्रिकने साप हाकलले ही गोष्ट नको. हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोचलेच नव्हते, आणि पॅट्रिक स्वतः आयरिश नव्हता. ब्रिटनमधून पळवून आणलेला गुलाम होता तो.


चहाबाज

बदकं आवडली. वेळेबद्दल आपल्या मुंबईचा हट्ट नोंदवून ठेवतो. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली 'बॉम्बे टाइम' सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि १९५५ पर्यंत चालली. डब्लिनने १९१६ मध्येच हात टेकले. मुंबई त्यांच्यापेक्षा ३९ वर्षं जास्त अडून बसली. ३९ मिनिटं, ३९ वर्षं, आत्ताच लक्षात आलं!


शब्दपिपासू

बॉयकॉट नको म्हणता, पण मला तेच हवं आहे. तो माणूस होता एवढंच माहीत आहे. नेमकं झालं काय होतं?


लिफीकाठी

@शब्दपिपासू, नको म्हटलं नव्हतं, पण ठीक आहे, चहा ठेवलाय तोवर लिहितो.

चार्ल्स बॉयकॉट हा आयरिश नाहीच, इंग्लंडातल्या नॉरफकचा. मेयो परगण्यात लॉक मास्क या तळ्याकाठी तो लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभारी होता. १८७९ चं पीक वाईट गेलेलं. १८८० मध्ये कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० टक्क्यांवर अडला. बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा द्यायला माणूस पाठवला. त्याच सप्टेंबरात पार्नेल हा आयरिश पुढारी एनिस गावच्या सभेत सांगून गेला होता की असल्या माणसाला मारू नका, महारोग्याला टाळावं तसं टाळा. लोकांनी तेच केलं. गडी काम सोडून गेले. लोहार नाल ठोकेना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार माल देईना, पत्रं आणणाऱ्या पोरालाही लोकांनी दम दिला.

शेतात बटाटे, बीट, सलगम उभे आणि काढायला माणूस नाही. शेवटी कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतून ५० प्रोटेस्टंट स्वयंसेवक आले आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक नि पोलीस. ५०० पौंडांचं पीक काढायला दहा हजार पौंड खर्च झाले असं तेव्हा म्हटलं गेलं. एका सलगमामागे एक शिलिंग, असा पार्नेलचा टोमणा होता. डिसेंबर उजाडायच्या आत पीक निघालं आणि बॉयकॉट कुटुंबासह निघून गेला.

शब्द कसा पडला ते याहून मजेचं. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन वार्ताहर तिथल्या फादर जॉन ओमॅली यांच्याकडे जेवायला होता. या प्रकाराला म्हणायचं काय यावर खल चालला. वार्ताहराला सुचलेला इंग्रजी शब्द भारदस्त होता, शेतकऱ्यांच्या तोंडी बसणारा नव्हता. फादर म्हणाले, मग 'बॉयकॉट करणं' म्हटलं तर? काही आठवड्यांत तो लंडनच्या वर्तमानपत्रांत होता.


शब्दपिपासू

वा. म्हणजे हे सरळ 'वाळीत टाकणं' झालं. न्हावी, धोबी, लोहार, पाणवठा बंद करायचा हे आपल्या गावकीने शतकानुशतकं केलं आहे, आणि बहुतेक वेळा दुबळ्यावरच. तेच हत्यार खालच्यांनी वरच्यावर उगारलं हे मेयोतलं नवेपण. पुढे १९०५ नंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाबरोबर 'बहिष्कार' आला तेव्हा शब्द आपला जुनाच होता, अर्थ मात्र लॉक मास्कच्या काठचा.


आकडेमोड

माझ्याकडून दोन नाणी, दोन्ही आमच्या धंद्यातली.

(१) ज्याला स्टॅटिस्टिक्सचे विद्यार्थी 'स्टुडंट्स टी-टेस्ट' म्हणून घोकतात, तो स्टुडंट कोणी विद्यार्थी नव्हता. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस कारखान्यातला बिअर बनवणारा रसायनतज्ज्ञ. मोजके नमुने तपासून बार्ली चांगली की वाईट हे कसं ठरवायचं, हा त्याचा रोजचा प्रश्न. कंपनीला आपल्या लोकांनी नावानिशी काही छापलेलं नको होतं, म्हणून १९०८ चा तो निबंध 'स्टुडंट' या टोपणनावाने आला. (ज्या जागेवर कारखाना आहे ती आर्थर गिनेसने १७५९ मध्ये वर्षाला ४५ पौंडांवर ९,००० वर्षांसाठी भाड्याने घेतली होती. पागडी पद्धतीवाल्यांनी शिकावं.)

(२) प्रोग्रॅमिंगमधल्या 'बूलियन'चा जॉर्ज बूल कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजचा पहिला गणिताचा प्राध्यापक, १८४९ पासून. १८६४ मध्ये पावसात भिजत कॉलेजला गेला, ओल्या कपड्यांनी शिकवलं, तापाने गेला. त्याची बायको मेरी होमिओपॅथीवाली. ज्या गोष्टीने आजार झाला तिनेच बरा होतो या न्यायाने तिने त्याला ओल्या चादरीत गुंडाळलं, असं सांगतात. ही मेरी कोणाची पुतणी? भारताच्या सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्टची. हो, तोच शिखरवाला.


गावठी_गजाली

कोणीच कसो बोलूक नाय? लिओ वराडकर! बापूस अशोक वराडकर मुंबईसून गेलेलो डॉक्टर, मूळ गाव आमच्या मालवण तालुक्यातला वराड. पंतप्रधान असताना २०१९ च्या डिसेंबरात गावात येवन गेलो. अख्खो गाव रस्त्यार.


तिरकस

झालं. 'अनोळखी गोष्टी' धाग्यात वराडकर. आता कोणीतरी गुढीपाडव्याचा डब्लिनमधला फोटो टाका म्हणजे सुटलो. हलके घ्या.


लिफीकाठी

@तिरकस, थांबा, कारण वराडकरांवरूनच मला हवा होता तो मुद्दा निघतो. मार्च २०१८ मध्ये हे मालवणी वंशाचे आयरिश पंतप्रधान अमेरिकेत ओक्लाहोमाला गेले, तिथल्या चॉक्टॉ आदिवासींना भेटले आणि त्यांच्या मुलांसाठी आयर्लंडमध्ये शिकायला शिष्यवृत्ती जाहीर केली. का?

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. वर्षानुवर्षं बटाट्यावरच जगणारी लाखो माणसं उघडी पडली. १८४७ हे त्यातलं सगळ्यात काळं वर्ष. त्या वर्षी मार्चमध्ये चॉक्टॉ लोकांनी आपसांत वर्गणी काढून ७१० डॉलर आयर्लंडसाठी पाठवले. त्यांना स्वतःला १८३१ पासून पिढीजात जमिनीवरून हुसकून शेकडो मैल पायी चालवत नेलं होतं, वाटेत हजारो मेले. त्या चालीला उणीपुरी सोळा वर्षं झाली होती. कॉर्क परगण्यात मिडलटन नावाच्या गावी आता त्यांची आठवण म्हणून पोलादाची नऊ पिसं उभी केली आहेत, प्रत्येक वीसेक फूट उंच, वाटीसारखी गोल मांडलेली. २०२० मध्ये कोविडात नावाहो आणि होपी आदिवासींसाठी निधी उभा राहिला, तेव्हा आयर्लंडमधून देणग्यांची रीघ लागली. माझ्या ऑफिसात दोघातिघांनी पैसे पाठवले. मला कारण विचारायला लागलं, त्यांना सांगायला लागलं नाही.


खवचट_खवय्या

छान लिहिलंय, पण रक्कम चुकली. ७१० नव्हे, १७० डॉलर. आकड्यांची अदलाबदल फार जुनी आहे आणि ७१० हेच सगळीकडे पसरलंय. आणि आता कोणीतरी येऊन तुर्कस्तानच्या सुलतानाने धान्याची जहाजं ड्रोहेडा बंदरात गुपचूप पाठवली हे सांगण्याआधीच सांगतो: सुलतान अब्दुलमजीदने १,००० पौंड दिले याला पुरावा आहे. जहाजांची गोष्ट लोकांना आवडते, तिला तसा पुरावा नाही.


लिफीकाठी

@खवचट_खवय्या, मान्य, १७०. वर दुरुस्त करत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकेल.

मदतीचं म्हणाल तर बाहेरच्या देशातून पहिल्या-पहिल्याने आलेली मोठी रक्कम कलकत्त्याची. १८४६ च्या सुरुवातीलाच तिथे समिती निघाली आणि सुमारे १४,००० पौंड जमले. देणाऱ्यांत तिथले आयरिश सैनिक, कंपनीचे नोकर आणि हिंदी लोकही होते.

दुसरीकडे लंडनच्या तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती होती तो चार्ल्स ट्रेव्हेलियन. बाजारात सरकारने हात घालू नये यावर त्याची अढळ श्रद्धा. माणसं मरत होती आणि आयर्लंडमधून धान्य नि जनावरं बाहेर जात होती. या गृहस्थाची नोकरी सुरू झाली हिंदुस्थानात कंपनीकडे, आणि दुष्काळानंतर तो पुन्हा आपल्याकडे आला: १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर, मग कलकत्त्याला अर्थखातं. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारने सूपकेंद्रं काढली आणि दिवसाला तीस लाखांवर माणसं जेवली. म्हणजे जमत होतं. शरद ऋतूपर्यंत ती बंद केली.

१८४१ च्या जनगणनेत बेटावर ८१ लाख ७५ हजार माणसं. १८५१ मध्ये साडेपासष्ट लाख. दहा लाख मेली, त्याहून जास्त जहाजात बसली. आज उत्तर-दक्षिण दोन्ही धरून बेटाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या घरात आहे. १८४१ चा आकडा अजून गाठलेला नाही. पश्चिमेला डोंगराच्या उतारावर गवताखाली वाफ्यांच्या रेघा दिसतात. बटाट्याचे वाफे. पुन्हा कोणी लावले नाहीत.


वाचनवेडी

वाफ्यांचं वाचून थांबले जरा.

काही मिशनऱ्यांच्या केंद्रांवर पंथ बदलला तरच सूप मिळायचं, त्यामुळे आयरिश बोलण्यात 'त्यांनी सूप घेतलं' म्हणजे धर्म विकला असा टोमणा शिल्लक आहे ना? आपल्याकडचं 'बाटला' आठवलं.


रानवारा

सुंदर धागा. मला तर आयरिश लोक आपले सख्खे भाऊच वाटतात. तोच जमीनदार, तोच दुष्काळ, तोच मालक, शेवटी तीच फाळणी. भगिनी निवेदिता टायरोन परगण्यातल्या डन्गॅननच्या. मार्गारेट कझिन्स रॉसकॉमनमधल्या बॉइल गावच्या. मताच्या हक्कासाठी लंडन आणि आयर्लंडच्या तुरुंगात जाऊन आलेल्या या बाई भारतात आल्या, मदनपल्लीला १९१९ मध्ये 'जन गण मन'ची चाल त्यांच्या मदतीने स्वरलिपीत उतरली, आणि १९३२ मध्ये वेल्लोरच्या तुरुंगातही गेल्या. अखिल भारतीय महिला परिषद त्यांच्याच खटपटीतून उभी राहिली. तिचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये आपल्या पुण्यात, अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. शिवाय राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आपण त्यांच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली. समदुःखी माणसंच एकमेकांना ओळखतात.


तिरकस

@रानवारा, ताई, भाऊ खरेच. पण भावांची यादी पुरी करू.

मायकेल ओड्वायर, जालियनवाला बागेच्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर आणि त्या गोळीबाराचा शेवटपर्यंत पाठीराखा: टिपेररीचा कॅथलिक शेतकरी घरातला मुलगा. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडणारा आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन): जन्म डब्लिन. आणि खुद्द जनरल डायर: जन्म मरीचा, शाळा मात्र आयर्लंडमध्ये. कोणत्या गावी? मिडलटन, परगणा कॉर्क. होय, तेच तुमच्या पोलादी पिसांचं मिडलटन.

१८३० च्या सुमाराला ब्रिटिश लष्करातले चाळीस टक्क्यांहून जास्त शिपाई आयरिश होते. आपल्या किल्ल्यांवर शिड्या लावणाऱ्या पलटणींत हे भाऊच होते.


लिफीकाठी

मिडलटनला मी दोनदा गेलोय. दोन्ही वेळा पिसांपाशी उभं राहून फोटो काढले. शाळेचं माहीत नव्हतं. हा प्रतिसाद वाचून सकाळपासून कामात लक्ष नाही.


रानवारा

त्या शिपायांना भुकेने भरती केलं होतं हो. घरी बटाटा नाही म्हणून लाल डगला. ओड्वायर आणि शिपाई एका माळेत कसे ओवता?


तिरकस

ओवत नाही. पण संगिनीच्या टोकाकडे जो उभा होता त्याला भरतीचं कारण विचारायची सवड नव्हती. एवढंच म्हणतोय.


अनामिक_००७

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).


संपादक मंडळ

आजच्या राजकारणावरचे प्रतिसाद उडवले आहेत. विषयाला धरून लिहावे.


निवृत्त_सुभेदार

इतका वेळ वाचत होतो. आता दोन शब्द लिहितो, कारण त्या भागात नोकरी झाली आहे.

हिमाचलात सोलनजवळ डगशाई छावणी आहे. तिथला जुना तुरुंग आता संग्रहालय आहे. २ नोव्हेंबर १९२० ला सकाळी तिथे जेम्स डेली नावाच्या, कनॉट रेंजर्स या ब्रिटिश लष्करातल्या आयरिश पलटणीच्या पोराला गोळ्या घालून मारलं. वय जेमतेम वीस-एकवीस. बंडाच्या गुन्ह्यासाठी मारला गेलेला ब्रिटिश लष्करातला हा शेवटचा शिपाई.

झालं असं. जून १९२०, जालंधरची बरॅक, उन्हाने जीव नकोसा. घरून पत्रं येत होती की 'ब्लॅक अँड टॅन्स' म्हणून नवी भाडोत्री पोलीस पलटण गावं जाळतेय. २८ जूनला काही जणांनी शस्त्रं खाली ठेवली आणि सांगितलं, आयर्लंडमधून फौज निघेपर्यंत आम्ही चाकरी करणार नाही. बाजारातून हिरवं, पांढरं, केशरी कापड आणून तिरंगा केला. त्यांचा तिरंगा, आपला नव्हे. बातमी सोलनच्या तुकडीला लागली. तिथे डेली पुढारी. त्यांनी रायफली परत मिळवायला दारूगोळ्याच्या कोठारावर चाल केली, पहाऱ्यावरच्यांनी गोळी झाडली, दोन पोरं तिथेच गेली. पुढे कोर्टमार्शल. फाशीची शिक्षा बऱ्याच जणांना झाली, अंमल एकट्या डेलीवर.

आता तिरकसराव आणि रानवारा यांच्या वादाबद्दल. ही पोरं हिंदुस्थानासाठी उठली नव्हती. आयर्लंडसाठी उठली. पण त्यांच्यातल्या जो हॉस याने पुढे सांगितलं की आमच्या घरी ते लोक जे करतायत तेच आम्ही इथे करतोय, हे आमच्या ध्यानात आलं. जालंधर ते अमृतसर अंतर ऐंशी किलोमीटर, आणि जालियनवाला होऊन चौदा महिने झाले होते. शिपायाच्या डोक्यात हा विचार शिरणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. आमचं सगळं शिक्षण तो शिरू नये यासाठीच असतं.

डेलीची हाडं १९७० मध्ये त्याच्या गावी, वेस्टमीथ परगण्यात टिरल्सपासला नेली.


वाचनवेडी

सुभेदारकाका, शेवटून दुसरा परिच्छेद दोनदा वाचला. लिहीत जा.


आजोबा६८

थोडं होमरूलबद्दल. हा शब्द आयर्लंडचा. १८७० पासूनची त्यांची मागणी, ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनची १८८६ आणि १८९३ ची पडलेली विधेयकं, १९१४ मध्ये पास होऊन युद्धासाठी खुंटीला टांगलेला कायदा. टिळकांनी 'स्वराज्य' शब्द सरकारला राजद्रोही वाटतो म्हणून इंग्रजी पार्लमेंटच्या ओळखीचा हा शब्द उचलला. सोबतीला काका बॅप्टिस्टा. लीग निघाली बेळगावला, तारीख २८ एप्रिल १९१६.

आता वर धागाकर्त्याने दिलेली तारीख पाहा. डब्लिनचा उठाव २४ एप्रिल १९१६. शरणागती २९ एप्रिल. म्हणजे ज्यांच्याकडून शब्द घेतला त्यांची तरुण पोरं होमरूलचा नाद सोडून पोस्ट ऑफिसात बंदुका घेऊन बसलेली असताना, त्याच आठवड्यात बेळगावात होमरूल लीगचा ठराव होत होता. योगायोग, दुसरं काही नाही. पण शाळेत आम्हाला या दोन तारखा एकत्र कोणी दाखवल्या नाहीत.

आणि त्या वेळी डब्लिनमध्ये कायदा शिकणारा एक तेलुगू विद्यार्थी होता, १९१३ पासून. बंडखोरांशी संधान असल्याच्या संशयावरून त्याला १९१६ मध्ये देश सोडावा लागला. नाव वराहगिरी वेंकट गिरी, पुढे आपले राष्ट्रपती.


भोकरदनकर

असईचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड विसरलो होतो. आमचं गाव असईपासून हाकेच्या अंतरावर. केळणा आणि जुई नद्यांच्या मधला तो पट्टा. २३ सप्टेंबर १८०३. वेलस्लीचे दीड हजारावर माणसं मेली नि जखमी झाली तिथं. पुढं वॉटर्लू जिंकला, तरी म्हातारपणी कोणी विचारलं की लढाईतलं तुमचं सगळ्यात भारी काम कोणतं, तर म्हणायचा असई. आमच्याकडं त्याचं कोणाला काही पडलेलं नाही, सरकी नि मक्याचे भाव काय ते विचारा.

त्याच सुमाराचा दुसरा आयरिश सांगतो, तो मात्र आपल्या बाजूचा. जॉर्ज थॉमस, टिपेररीतल्या रॉसक्रेचा. आरमारातून मद्रासला पळाला, बेगम समरूकडं नोकरी केली, मग शिंद्यांचा सरदार आप्पा खंडेराव याच्या पदरी राहिला. पुढं हरियाणात हांसीला स्वतःचं राज्य थाटलं, स्वतःची नाणी पाडली, तोफा ओतल्या. लोक त्याला जहाजी साहेब म्हणत. १८०१ च्या शेवटी शिंद्यांच्याच फौजेनं, त्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याच्या पलटणींनी, त्याला हांसीतून काढलं. दुसऱ्या वर्षी गंगेवरून खाली जाताना बहरामपूरला मेला. आठवणी सांगायची वेळ आली तेव्हा म्हणाला, फारसीत सांगतो, इंग्रजीचा सराव सुटलाय.

लिफीकाठी, एक काम सांगू का? वेलस्लीचा मोठा खांब तुमच्या गावात आहे म्हणतात. त्यावर असई आहे का बघून या.


लिफीकाठी

@भोकरदनकर, आज शनिवार, जाऊन आलो.

फीनिक्स पार्कमध्ये शिरल्या-शिरल्या डाव्या हाताला आहे तो खांब. ६२ मीटर उंच, राखाडी दगडाचा. काम सुरू झालं १८१७ ला, पैसे संपले म्हणून रखडलं, पुरं झालं १८६१ ला. वेलस्ली तोवर मरून गेला होता. पायाशी चारी बाजूंना ब्राँझच्या पट्ट्या आहेत. ब्राँझ वॉटर्लूला हाती लागलेल्या तोफा वितळवून आणलेलं. एक बाजू वॉटर्लूची, एक कॅथलिकांना हक्क दिल्याची (तो कायदा १८२९ मध्ये याच्याच पंतप्रधानकीत झाला), एकीवर नुसता मजकूर, आणि एक बाजू हिंदुस्थानातल्या युद्धांची. मजकुराची सुरुवातच 'आशिया आणि युरोप' अशी आहे, आशिया आधी.

इथल्या लोकांना तो त्यांचा वाटत नाही. 'तबेल्यात जन्मला म्हणून कोणी घोडा होत नाही' हे वाक्य वेलस्लीच्या तोंडी घालतात, पण ते त्याच्याबद्दल डॅनियल ओकॉनेल या आयरिश पुढाऱ्याने १८४३ मध्ये काढलेले उद्गार आहेत. आयर्लंडमध्ये जन्मला म्हणून आयरिश होत नाही, अशा अर्थाने.

पाऊस भुरभुरत होता. हिंदुस्थानच्या पट्टीखालच्या उतरत्या पायऱ्यांवर पोरं घसरगुंडी खेळत होती. त्यांच्यातल्या एकाच्या आईने विचारलं, तुम्ही एवढं निरखून काय बघताय? म्हटलं, आमच्याकडचं एक गाव शोधतोय. ती म्हणाली, सापडलं का? फोटो टाकतोय, ब्राँझ काळवंडलंय आणि पावसाने चकाकतंय, त्यामुळे चेहरे नीट दिसत नाहीत. उजवीकडच्या कोपऱ्यातले फेटे बघा. तुम्हाला काही ओळखू येतंय का?


भोकरदनकर

फेटे आपल्याकडचे वाटत नाहीत. कोरणारा कधी इकडं आलेला दिसत नाही.